आलेखातली बाई

नववीला गतीचा धडा आला की मी फळ्यावर दोन रेषा काढतो. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर घरापासूनचं अंतर. मग खडू हवेत धरून विचारतो, "कोण निघालं?" आणि अख्खा वर्ग ओरडतो, "बाई!"

ही बाई पुस्तकात नाही. पुस्तकात एक मोटार असते, ती अ पासून निघते आणि ब ला पोहोचते. आमच्या पोरांना अ कुठे आहे ते माहीत नाही आणि ब ला त्यांचं कोणी पाहुणं नाही. माझं गाव पाथर्डीकडचं, कोरडवाहू, बाजरी-तुरीचं. दसरा झाला की निम्मी आळी ऊसतोडीला जाते आणि वर्गातले बाक रिकामे पडतात. अशा वर्गात मोटार चालवून काही उपयोग नव्हता. म्हणून नोकरीच्या सुरुवातीलाच मी फळ्यावर माझी बायको चालवली. तिला विचारलं नव्हतं.

मोटारीचा आणखी एक घोटाळा होता. पोरं आलेखालाच रस्ता समजायची. रेषा वर गेली की म्हणायची, "सर, हितं गाडी हळू व्हईल, करंजीचा घाट लागला." सपाट झाली की, "आता पळती बघा!" म्हणजे सगळं उलटं. मी कपाळ बडवून घ्यायचो. अरे, हा रस्ता नाही! रेषा जितकी उभी, तितकी चाल जास्त. सपाट म्हणजे वस्तू जागच्या जागी उभी. वेळ पुढे चाललाय, अंतर वाढत नाही, मग ती थांबलेलीच असणार ना? त्या काळी मी खडू फेकून मारायचो. आता फेकत नाही. नियम आले, आणि नेमही पहिल्यासारखा राहिला नाही.

अंतराला वेळेनं भागलं की जे मिळतं त्याला आमच्या पुस्तकात 'चाल' म्हणतात. हा शब्द कोणी निवडला कोण जाणे, पण मला तो फार सोयीचा पडला, कारण माझ्या बायकोची ओळख तिच्या चालीपासूनच करून द्यावी लागते. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही पाथर्डीच्या बाजाराला गेलो तेव्हा मी तिच्या मागे होतो, आणि पुढेही कायम मागेच राहिलो. डोक्यावर पाटी असो की कमरेवर कळशी, बाई निघाली की निघाली. मी मागून ओरडायचो, "अगं, जरा दमानं!" ती वळूनसुद्धा न बघता म्हणायची, "तुमी या सावकास. मी तवर चहाचं आदन ठिवते." पारावरची मंडळी मला चिडवायची, "सर, मंडळी निसटली बघा!" मला राग यायचा, पण मनातून बरंही वाटायचं.

शाळेचे तक्ते मी घरीच जमिनीवर पसरून करत असे. ती शेजारी तूर निवडत बसायची. तिची शाळा सातवीला सुटली होती. सुटली म्हणजे घरच्यांनी सोडवली. एकदा तिनं तक्त्यावर मान वाकवून विचारलं, "ह्यात मी कोनती?"

"ही रेषा."

"लई बारीक केलं की मला," ती म्हणाली आणि पुन्हा तूर निवडू लागली.

मी तक्त्याखालचं वाक्य मोठ्यानं वाचलं, 'एक बाई घरातून शेतात जाते.' तिचा हात सुपातच थांबला. "जाते न्हाई म्हनू," ती म्हणाली. "येते म्हनावं."

आमच्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरात राहणारा 'ये' म्हणतो. हे मला काय माहीत नव्हतं? पण विज्ञानाच्या तक्त्यात ते कसं लिहायचं? मी म्हणालो, "येते लिहिलं तर दिशा उलटी होईल."

"हू द्या," ती म्हणाली. "पोरींच्या तोंडात जाते कशाला घालताय?"

मी गुपचूप वाक्य खोडलं. तेव्हापासून माझ्या वर्गात बाई 'येते' म्हणून घरातून निघते.

त्याच दिवशी मी तिच्या हातात पेन्सिल दिली. म्हटलं, तू सकाळी शेतात गेलीस, खुरपलंस, घरी आलीस, काढ बघू. तिनं जीभ दाताखाली धरून तिरपी रेषा वर नेली, खुरपणीची सपाट रेषा काढली, आणि मग घराकडे येताना पेन्सिल थेट मागे फिरवून कोपऱ्यात, जिथून निघाली होती तिथेच आणून टेकवली. मी इतका हसलो की खोकला लागला. "चुकलं काय त्यात?" ती फणकारली. "येते म्हनून निघाले ना मी? मंग जितनं निघाले तितंच याया पायजे."

मी समजावलं. घरी येताना रेषा खाली येते, पण डावीकडे येत नाही. ती आणखी उजवीकडेच सरकते, कारण तू येतेस तोवर घड्याळ पुढे गेलेलं असतं. घर तेच, वेळ ती नाही. तिनं बराच वेळ त्या रेषेकडे पाहिलं. "म्हंजी मानूस घरी येतं," ती म्हणाली, "पन निघालं तवाचं घर त्याला घावत न्हाई."

"तसंच काहीतरी," मी म्हणालो. तक्ता अजून अर्धा राहिला होता म्हणून पेन्सिल मी परत घेतली.

पुढे वर्षानुवर्षं हा धडा मी एकाच गोष्टीवर शिकवला. बाई 'येते' म्हणून निघते. रेषा झपाझप वर जाते. मग मध्येच सपाट होते. मी विचारतो, "आता बाई काय करते?" वर्ग ओरडतो, "गप्पा मारती!" मग रेषा एकदम घसरत खाली. "आणि आता?" "दूध उतू चाललंय!" हशा पिकायचा. गणितात ढ असलेलं पोरगंसुद्धा परीक्षेत सपाट रेषा चुकत नसे. बाई कोण हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पाण्याच्या टाकीवर बायका तिला चिडवायच्या, "काय वं, दूध उतू गेलं का आज?" घरी आली की माझ्यावर डाफरायची, "माझं हसं केलं साऱ्या गावात." पण जुनं एखादं पोर मोठं होऊन भेटायला आलं आणि म्हणालं की काकू, तुमच्यामुळे मी पास झालो, की त्याला चहाबरोबर लाडू मिळायचा. मला नाही मिळायचा.

गेल्या पावसाळ्यापासून तिच्या वाटेत सपाट जागा वाढल्या. घरापासून शेतापर्यंत वाट काही लांब नाही, पण ती आता मध्ये मध्ये उभी राहू लागली. पिठाच्या गिरणीपाशी उभी, लिंबाखाली उभी, वळणावरच्या घराच्या फाटकाला धरून उभी. त्या घरातली लेक माझ्या वर्गात होती. तिची आई आणि माझी बायको एका वयाच्या नव्हत्या, पण दोघींचं चांगलं जमायचं. मी म्हणायचो, "तुझा आलेख आता जिन्यासारखा झालाय. चार पावलं की गप्पा, चार पावलं की गप्पा." ती नुसती हसायची. मीही कमी नाही, वर्गात फळ्यावर दोन-तीन सपाट तुकडे जास्तीचे काढले. पोरं जास्त हसली. त्या घरातली लेक सगळ्यांत मोठ्यानं ओरडली, "आमच्याच दारात उभी ऱ्हाती, सर!"

दसरा झाला. ट्रॅक्टर आले, वळणावरच्या घराला कुलूप लागलं, आई-बाप आणि लेक तोडीला गेली. त्यानंतरच्याच एका रविवारी आम्ही शेताकडे निघालो होतो. ती पुढे, मी मागे, नेहमीसारखं. आणि वळणावर मी तिला गाठलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती त्या फाटकाला धरून उभी होती. आत दाराला कुलूप, अंगणात पाचोळा, बोलायला चिटपाखरू नाही.

"कुणाशी बोलतेस?" मी विचारलं. मला खरंच चेष्टाच करायची होती.

तिचं तोंड उघडं होतं आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. हाताची बोटं फाटकाच्या गजाभोवती घट्ट आवळलेली होती. बऱ्याच वेळानं श्वास खाली बसला तेव्हा म्हणाली, "उभं ऱ्हायाला कायतरी निमित्त पायजे ना. उगंच मधी थांबलं की बाया इचारत्यात, काय झालं."

सपाट रेषा म्हणजे वस्तू थांबली आहे. एवढंच ती सांगते. का थांबली ते आलेखात नसतं. हे मी आता वर्गात सांगतो. तेव्हा मला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला वाटत होतं की माझ्याइतकं आलेख वाचता येणारं माणूस पंचक्रोशीत नाही.

नगरच्या डॉक्टरांनी छातीला यंत्र लावून पाहिलं आणि हृदयाची एक झडप खराब झाली आहे, बदलावी लागेल, असं सांगितलं. उशीर झालाय हेही सांगितलं. ती त्यांना म्हणाली, "हिरीच्या मोटारीला फुटव्हाल असतो तसलं का?" डॉक्टर हसले, म्हणाले, अगदी तसंच. फुटव्हॉल्व्ह गेला की चढवलेलं पाणी परत विहिरीत उतरतं हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला कळतं. परत येताना ती मला म्हणाली, "मंग बदलू. मोटार काय इकून टाकतंय का कोन?" मला धीर आला. खरं तर धीर मी द्यायला हवा होता.

ऑपरेशनसाठी नगरला निघालो ती सकाळची एसटी होती. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर अजून 'नगर, नगर'च ओरडतो. घरातून निघताना ती उंबऱ्यापाशी थांबली, चुलीकडे, भांड्यांच्या फळीकडे, दावणीच्या गाईकडे बघून म्हणाली, "येते." ते कोणाला म्हणाली ते माहीत नाही. मी सोबतच होतो, त्यामुळे 'ये' म्हणायला घरात कोणी नव्हतं.

करंजीच्या घाटात पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. एसटी त्याच्या मागे मुंगीसारखी चालली. ती खिडकीतून बघत होती. म्हणाली, "घाट चढतोय, अन् रेघ निजली. व्हय ना?"

"होय," मी म्हणालो. "चाल कमी झाली की रेषा आडवी होत जाते."

"तुमची पोरं उगंच मार खायची," ती म्हणाली आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. चार माणसांत तिनं असं कधी केलं नव्हतं. मी ताठ बसून राहिलो. घाट संपू नये असं मला वाटत होतं.

आमची मुलगी राहुरीहून आली होती. ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं बायकोच्या हातातल्या बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. हिरव्या कपड्यात ती फार लहान दिसत होती. स्ट्रेचरची गाडी ढकलत ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी नेली तेव्हा तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"येते," ती म्हणाली.

"ये," मी म्हणालो.

ती आली नाही. डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही, त्यांचा चेहराच सांगत होता. झडप बसली, पण दमलेलं हृदय पुन्हा चालायला तयार झालं नाही. इतकी वर्षं ती माझ्या पुढे चालली आणि शेवटीही पुढेच गेली, असं दहाव्याला कोणीतरी म्हणालं. त्या माणसाचा मला संताप आला. बोलायला बरं वाटतं म्हणून लोक काहीही बोलतात.

मला तिची फार आठवण येते. हे साधं वाक्य मी कुणासमोर बोललो नाही. मुलगी म्हणाली, राहुरीला चला. मी गेलो नाही. सकाळी कुलूप लावताना तोंडातून 'येतो' निघतं आणि आतून काही येत नाही. संध्याकाळी परत येतो तेव्हा सगळं जागच्या जागी असतं, फळीवरची भांडीसुद्धा. तिनं तेव्हा काढलेली ती मागे फिरणारी रेषा आठवते, कोपऱ्यात जाऊन टेकलेली. मी हसलो होतो. ती रेषा बरोबर असती तर मी आज माझी नोकरी, पुस्तक, सगळं विज्ञान तिच्यावरून ओवाळून टाकलं असतं.

शिमगा झाल्यावर तोडीची माणसं परतू लागली. वार्षिक परीक्षा जवळ आली होती आणि उजळणी घ्यायची होती. मी ठरवून गेलो होतो की यंदा मोटारच चालवायची, अ पासून ब. फळ्यावर दोन रेषा काढल्या. अ लिहिलंसुद्धा. पण हाताला दुसरं वळण नव्हतं. रेषा झपाझप वर गेली आणि सपाट झाली.

वर्ग चिडीचूप होता. ही सगळी पोरं माझ्या अंगणात येऊन मान खाली घालून बसून गेली होती. मी फळ्याकडेच बघत विचारलं, "इथं वस्तू काय करते?"

"बाई गप्पा मारती, सर!" मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला. "आमच्या दारात!"

वळणावरच्या घरातली लेक होती. आदल्या रात्री तिचा ट्रॅक्टर गावात आला होता. उन्हानं काळवंडली होती, हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. ती एकटीच हसली. मग इकडेतिकडे बघू लागली की बाकीचे का हसत नाहीत. शेजारणीनं तिला कोपर मारलं. तिला वाटलं, उत्तर चुकलं. ती उभी राहिली. "चुकलं का, सर?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे. थांबली आहे."

"मंग पुढची रेघ?"

पुढची रेषा माझ्यानं काढवेना. मी खडू तिच्यापुढे धरला. ती ऐटीत फळ्याजवळ आली, टाचा उंच केल्या आणि सपाट रेषेच्या टोकापासून रेषा उजवीकडे झपकन खाली आणली, थेट वेळेच्या अक्षापर्यंत. "दूध उतू चाललं म्हनून पळत आली," ती म्हणाली. "आली घरी."

मी मास्तर आहे. मी रेषा तपासली. ती डावीकडे वळली नव्हती, अक्षावर नीट टेकली होती, उतार भरपूर होता. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. "बरोबर," मी म्हणालो, आणि मला रडू आलं. पोरांकडे पाठ करून मी आलेखाखाली प्रश्न लिहू लागलो, 'बाईची परत येतानाची चाल काढा.' अक्षरं वाकडी आली. मागे सगळा वर्ग खाली मान घालून गणित करत होता, त्यांच्या पेन्सिलींचा आवाज येत होता.

मधल्या सुट्टीत कोणीतरी तिला सांगितलं असावं. शाळा सुटल्यावर मी हजेरीपट आवरत होतो तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजले होते. पायाच्या अंगठ्यानं ती फरशी उकरत होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि तेवढ्या वयात ते कोणाला म्हणता येत नाही. मला तरी कुठे येत होतं?

शेवटी तिनं दप्तर खांद्यावर सारखं केलं.

"येते, सर," ती म्हणाली.

"ये," मी म्हणालो.